प्रतिनिधि कीं तोतया ?

‘प्रॉक्सी’ हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांस शिकविण्याची गरज पडत नाहीं. हजेरी चालू असतां एकाच्या नांवाला दुसऱ्यानें मागच्या बाकावरून ओ दिली कीं त्या कृत्यास हाच शब्द लावतात, आणि तो लावण्यांत लाज कमी व कौतुक अधिक असतें. सुज्ञ पालकांस मात्र तो निराळ्या अर्थानें परिचित आहे. कंपनीच्या सभेस भागधारकास जातां आलें नाहीं, तर तो आपल्या वतीनें दुसरा मनुष्य पाठवितो. त्यासही प्रॉक्सीच म्हणतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानें या बदली माणसास सभेंत बोलण्याचा हक्क दिलेला नाहीं, आणि हात वर करून होणाऱ्या मतदानांत त्याचा हात मोजला जात नाहीं. आमच्या खानदेशांतील गांवोगांवच्या सोसायट्या ज्या कायद्याखालीं चालतात, तो १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा तर याहूनही कडक आहे. सभासदानें मत स्वतः येऊन द्यावें, बदलीकरवीं देऊं नये, असें त्यांत स्पष्ट लिहिलेलें आहे. म्हणजे नशिराबादच्या एखाद्या केळीच्या बागाईतदारानें मुंबईच्या कंपनीचे भाग घेतले असले, तर तेथें त्याचा मुका बदली चालेल. पण गांवच्या सोसायटींत त्यास स्वतःच चपला घालून जावें लागेल. दुसऱ्याच्या जागीं उभें राहणें हें सरसकट चांगलें किंवा सरसकट वाईट नाहीं. तें कोठें चालावें, किती चालावें आणि त्यावर बंधन कोणतें असावें, एवढाच खरा प्रश्न आहे.

हाच प्रश्न संगणकाच्या एका भाषेपुढें उभा राहिला व तिनें तो आपल्या रीतीनें सोडविला. त्या उत्तराविषयीं माझें मत मी येथें मांडणार आहे; कारण आमच्या वरच्या वर्गांतील पुष्कळ मुलें आतां ही भाषा हौसेनें शिकूं लागलीं आहेत, आणि तिच्यांतील हें हत्यार हातीं येतांच तें कोठेंही चालवून पाहण्याचा मोह त्यांस होतो.

ती भाषा जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत असतांना अवघ्या दहा दिवसांत ती प्रथम उभी केली. आज मोबाइलवर वर्तमानपत्र उघडा, गाडीचें तिकीट काढा किंवा परीक्षेचा निकाल पाहा, पडद्यामागें बहुधा हीच राबत असते. या भाषेंत कांहीं वस्तू आधींच घडवून ठेवलेल्या आहेत. नांवें ओळीनें ठेवणारी यादी, म्हणजे ‘ॲरे’. किल्लीवरून नोंद शोधून देणारा ‘मॅप’. तारीख व वेळ सांभाळणारी ‘डेट’. यांस आपण अंगभूत वस्तू म्हणूं.

यादी दिसावयास साधी, पण तिच्या अंगीं एक जादू आहे. वर्गांतील चाळीस मुलांचीं नांवें शून्यापासून एकोणचाळीसपर्यंतच्या जागांवर बसविलीं, म्हणजे यादीची लांबी ४० होते. आतां मधल्या जागा तशाच ठेवून एकदम ४४ या जागेवर एक नांव लिहा. लांबी आपोआप ४५ होते. उलट लांबीचाच आंकडा खोडून ३० करा. शेवटचीं नांवें आपोआप गळून पडतात. हजेरीपटाच्या मथळ्यावरील पटसंख्या कमी लिहावी आणि तेवढीं मुलें वर्गांतूनच नाहींशीं व्हावीं, असा हा प्रकार. कागदाच्या हजेरीपटांत असें होत नाहीं, याबद्दल परमेश्वराचे आभारच मानले पाहिजेत.

ही जादू भाषेच्या कर्त्यांनीं स्वतः यादींत घातलेली होती. इतर कोणासही आपल्या साध्या वस्तूंत ती आणतां येत नसे. ठराविक नांवाच्या एकेका कप्प्यावर पहारा बसवितां येत असे, पण तें नांव आधीं ठाऊक असेल तरच. उद्यां कोणी ४४ वर लिहील कीं ५७ वर, हें आधींच कोण जाणणार ? त्यामुळें अंगभूत वस्तूची हुबेहूब नक्कल करणें हें कित्येक वर्षें अशक्य होऊन बसलें होतें. टॉम व्हान कुत्सेम व मार्क मिलर या दोघांनीं २०१० सालीं प्रॉक्सीची योजना विद्वानांपुढें मांडली, आणि जून २०१५ मध्यें भाषेच्या प्रमाणित स्वरूपाच्या सहाव्या आवृत्तींत ती दाखल झाली.

योजना अशी. एक मूळ वस्तु घ्यावयाची आणि तिच्यापुढें प्रॉक्सी उभा करावयाचा. बाहेरचे सारे लोक यापुढें प्रॉक्सीशींच बोलतात. त्याच्याकडे येणाऱ्या मागण्यांच्या वाटेवर तेरा चौक्या आहेत. कोणी कप्पा वाचूं पाहतो, कोणी त्यांत लिहूं पाहतो, कोणी तो काढून टाकूं पाहतो, ‘अमुक कप्पा आहे काय’ असें कोणी विचारतो, कोणी साऱ्या कप्प्यांचीं नांवें मागतो. अशा प्रत्येक मागणीस एक चौकी. ज्या चौकीवर आपण पहारेकरी नेमला असेल तेथें तो आपल्या बुद्धीप्रमाणें उत्तर देतो. जेथें नेमला नसेल तेथें मागणी थेट मूळ वस्तूकडे जाते. लिहिण्याच्या चौकीवर एक पहारेकरी बसविला कीं लांबीचा हिशेब त्यास ठेवतां येतो, मग कप्पा कोणताही असो. यांत एक गंमत आहे. पहारेकऱ्याजवळ ४४ हा आंकडा आंकडा म्हणून पोंचत नाहीं, तो अक्षरांच्या रूपानें पोंचतो. बेसावधपणें त्यांत एक मिळविला तर उत्तर ४५ येत नाहीं, ४४१ येतें ! चाळीस मुलांचा वर्ग क्षणार्धांत चारशेंच्या वर जातो.

एवढें झालें म्हणजे नक्कल पुरी झाली काय ? नाहीं. जळगांवच्या सराफ बाजारांत सोन्यास मुलामा किती चकचकीत आहे हें कोणी विचारीत नाहीं, कसोटीच्या दगडाखेरीज तेथें कोणाचें बोलणें पुढें जात नाहीं. जावास्क्रिप्टजवळही असा एक दगड आहे. ‘तूं खरोखर यादी आहेस काय’ असा प्रश्न भाषा स्वतः विचारते, आणि या प्रश्नासाठीं त्या तेरांपैकीं एकही चौकी नाहीं. प्रॉक्सीच्या पाठीशीं खरी यादी उभी असेल तर उत्तर ‘होय’ येतें. साधी वस्तु उभी असेल तर पहारेकऱ्यांनीं कितीही सोंग केलें तरी उत्तर ‘नाहीं’ हेंच येतें. ही बारीक गोष्ट नव्हे. माहिती दुसऱ्या यंत्राकडे पाठविण्यासाठीं तिचा मजकूर तयार होतो तेव्हां याच उत्तरावरून चौकोनी कंस घालावयाचा कीं महिरपी, हें ठरतें. सोंग घेतलेली यादी तिकडे यादी म्हणून पोंचतच नाहीं.

मॅप व डेट यांचें प्रकरण याहून अवघड आहे. यादीवर चालणाऱ्या क्रिया मनानें उदार आहेत. समोर जो कोणी उभा असेल त्याला लांबी असली आणि आंकड्यांचे कप्पे असले, कीं त्या आपलें काम करतात, तो खरी यादी आहे कीं नाहीं हें बहुधा विचारीत नाहींत. मॅपच्या क्रिया तशा नाहींत. त्या समोरच्याच्या अंतर्गृहांत हात घालतात, आणि प्रॉक्सीला तें अंतर्गृह नसतें. म्हणून खऱ्या मॅपपुढें एकही पहारेकरी न नेमलेला, अगदीं निरुपद्रवी असा प्रॉक्सी उभा केला आणि त्याच्याकडे एक नोंद मागितली, तरी उत्तराऐवजीं दोषाचा संदेश मिळतो. रेशनच्या दुकानांतील यंत्र अंगठा मागतें, तेथें शेजाऱ्याचा अंगठा चालत नाहीं. तो शेजारी कितीही सज्जन असो, आणि आपणच त्याला पाठविलेलें असो. उपाय आहे. पहारेकऱ्यानें क्रिया बाहेर देतांना तिचा कर्ता म्हणून मूळ मॅपच बांधून द्यावयाचा. पण हा उपाय योजावा लागतो, तो आपोआप होत नाहीं, आणि नवशिक्याचा एक दिवस तरी येथें खर्ची पडतोच.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. मराठ्यांच्या इतिहासांत दुसऱ्याच्या जागीं उभ्या राहिलेल्या माणसांचे दोन ठळक नमुने आहेत. छत्रपति राजाराम महाराज जिंजीस असतांना त्यांनीं प्रल्हाद निराजी यांस ‘प्रतिनिधि’ हें नवें पद दिलें. प्रतिनिधि छत्रपतींच्या नांवानें बोले, पण मीच छत्रपति असें म्हणत नसे. पद उघड होतें व त्याच्या मागें कोण आहे हें सर्वांस ठाऊक होतें. दुसरा नमुना भाऊसाहेबांच्या तोतयाचा. १७६१ सालीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढें एका इसमानें मीच तो भाऊ असें सांगून लोकांस नादीं लावलें, कोंकणांत बंड माजविलें आणि अखेर १७७६ सालीं त्यास देहान्त शासन झालें. दोघेही दुसऱ्याच्या जागीं उभे राहिले, पण प्रतिनिधीच्या मागें धनी होता आणि तोतयाच्या मागें कोणीच नव्हतें.

जावास्क्रिप्टचा प्रॉक्सी या दोहोंपैकीं कोण ? आंतून पाहिलें तर तो प्रतिनिधि आहे, कारण मूळ वस्तूवांचून तो जन्मासच येत नाहीं. बाहेरून पाहिलें तर मात्र त्याची चाल तोतयाची आहे. ‘तूं प्रॉक्सी आहेस काय’ असें सामान्य प्रोग्रॅमनें विचारण्याची सोय भाषेच्या कर्त्यांनीं बुद्धिपुरस्सर ठेवलेलीच नाहीं. नोड नांवाच्या परिसरांत तपासनीसासाठीं एक खिडकी आहे, तेवढीच. कित्येकांस हें गैर वाटतें. प्रॉक्सीनें कपाळावर शिक्का मारून हिंडावें, असें त्यांचें म्हणणें. मला तें पटत नाहीं. शिक्का असता तर प्रत्येक जुन्या प्रोग्रॅमनें त्याला दारांतच अडविलें असतें आणि ज्या कामांसाठीं तो निर्माण झाला तींच कामें बंद पडलीं असतीं. पृष्ठावर नवीन मजकूर आला कीं आपोआप वाढणाऱ्या ज्या याद्या ब्राउझरजवळ असतात, तशाच याद्या ‘जेएसडॉम’ हें साधन ब्राउझराशिवाय, प्रॉक्सीच्याच साहाय्यानें उभ्या करतें; त्यामुळें पृष्ठ लोकांपुढें ठेवण्यापूर्वीं त्याची परीक्षा घेतां येते. ‘व्ह्यू’ नांवाच्या प्रसिद्ध साधनाच्या दुसऱ्या आवृत्तीस, वस्तूंत नवा कप्पा जोडलेला कळत नसे, त्यासाठीं निराळी आज्ञा द्यावी लागे. सप्टेंबर २०२० मध्यें आलेल्या तिसऱ्या आवृत्तीचा पाया प्रॉक्सीवर घातला आणि ती पीडा गेली. शिक्क्याचा आग्रह धरणाऱ्यांनीं हीं उदाहरणें विचारांत घ्यावीं.

शिक्का नाहीं म्हणून बंधनही नाहीं, असें मात्र नव्हे. आणि येथेंच या योजनेच्या कर्त्यांचें मला सर्वांत अधिक कौतुक वाटतें. मूळ वस्तूनें जें वचन कायमचें म्हणून दिलें असेल तें प्रॉक्सीला मोडतां येत नाहीं. मूळ वस्तु गोठविली असेल, म्हणजे तिच्यांत कांहीं बदलणार नाहीं असें एकदां जाहीर केलें असेल, तर तिच्या कप्प्यांतील किंमत प्रॉक्सीनें निराळी सांगितल्यास भाषा तेथल्या तेथें दोष दाखवून काम थांबविते. खऱ्या यादीपुढें उभ्या असलेल्या प्रॉक्सीस ‘मला लांबी हा कप्पाच नाहीं’ असें म्हणतां येत नाहीं, कारण यादीचा तो कप्पा कधींच काढून टाकतां येण्याजोगा नसतो. पण लक्षांत घ्या : यादी गोठविलेली नसेल तर ती लांबी किती, याविषयीं तो खुशाल खोटें सांगूं शकतो ! चाळिसांचे पन्नास म्हणाला तरी भाषा त्यास हटकीत नाहीं. जें कायम म्हणून जाहीर झालें तेवढ्याचीच राखण भाषा करते. बाकीचें लिहिणाऱ्याच्या सदसद्विवेकावर सोडलेलें आहे.

तो विवेक सुटला म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण मला जवळून पाहावयास मिळालें. एका संस्थेनें मुलांच्या गुणांचा हिशेब ठेवण्यासाठीं प्रोग्रॅम करविला होता. ज्या क्रमांकाची नोंदच नाहीं तो क्रमांक यादीस विचारला, तर जावास्क्रिप्ट ‘अनिश्चित’ अशा अर्थाचें उत्तर देते, आणि त्यांत गुण मिळवूं गेल्यास सगळी बेरीज ‘संख्या नव्हे’ अशी होऊन बसते. ही कटकट टाळण्यासाठीं करणाऱ्यानें गुणांच्या यादीपुढें प्रॉक्सी बसविला आणि वाचण्याच्या चौकीवरील पहारेकऱ्यास सांगून ठेवलें कीं, नोंद नसेल तेथें शून्य म्हणावें. बेरजा सुरळीत होऊं लागल्या. सर्वांस तें शहाणपण वाटलें. पुढें माझ्या नात्यांतील एक मुलगी तापानें आजारी पडून एका विषयाच्या परीक्षेस बसूं शकली नाहीं. गुणपत्रकावर तिच्या नांवापुढें ‘गैरहजर’ हें अपेक्षित होतें. छापून आलें शून्य. घरीं बोलणीं बसलीं. मुलगी म्हणे मी पेपरच दिला नाहीं. वडील कागद पुढें करून म्हणत, मग हें काय? कागदास कोण खोटें म्हणणार ? उलगडा होण्यास तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत तो प्रोग्रॅम दोन तोंडांनीं बोलत होता. ‘या क्रमांकाची नोंद आहे काय’ असें विचारलें तर दुसऱ्या चौकीवर कोणी नेमलेला नसल्यामुळें प्रश्न मूळ यादीकडे जाई आणि उत्तर ‘नाहीं’ असें येई. ‘नोंद काय आहे’ असें विचारलें तर ‘शून्य’. गुणपत्रक छापणाऱ्या भागानें दुसराच प्रश्न विचारला होता. भाषेच्या नियमांचा यांत कोठेंही भंग झाला नव्हता, कारण यादी गोठविलेली नव्हती आणि त्या क्रमांकाविषयीं कोणतेंही कायमचें वचन दिलेलें नव्हतें. करणाऱ्याचा हेतूही वाईट नव्हता. पण ‘आली नाहीं’ आणि ‘आली व कांहींच लिहिलें नाहीं’ यांतील अंतर त्यानें तीन ओळींत पुसून टाकलें, आणि तें अंतर त्या घरांत केवढें होतें हें मीं पाहिलें आहे.

म्हणून माझें मत असें कीं, अंगभूत वस्तूची नक्कल करावयाची असेल तर ती सर्व चौक्यांवर एकमतानें करावी. वाचण्याच्या चौकीनें एक सांगावें व असण्याच्या चौकीनें दुसरें, असें होऊं देऊं नये. आणि वस्तूस नवाच गुण द्यावयाचा असेल, तर तिला जुन्या नांवानें व जुन्या वेषांत मिरवूं नये. उणें एक या जागीं विचारलें कीं यादीनें शेवटचें नांव द्यावें, असा प्रॉक्सी नवशिके मोठ्या उत्साहानें लिहितात. दिसावयास तें गोड दिसतें. परंतु ती यादी दुसऱ्याच्या हातीं गेली म्हणजे तो तिला साधी यादी समजूनच वागविणार, त्याचें उणें एक चुकून आलेलें असणार, आणि जेथें त्यास रितें उत्तर मिळून चूक कळावयाची तेथें त्यास भलत्याच मुलाचें नांव मिळणार. शेवटचें नांव हवें तर तें देणारी निराळ्या नांवाची क्रिया लिहावी. २०२२ पासून भाषेनेंच ‘ॲट’ या नांवानें ती दिलेली आहे. गुणांच्या बाबतींतही बेरजेच्या क्रियेंत नोंद नसलेले क्रमांक वगळले असते कीं काम झालें असतें, यादीस सोंग घ्यावयास लावण्याचें कारणच नव्हतें. शिवाय प्रत्येक चौकीवर थांबत जाणारी मागणी थेट जाणाऱ्या मागणीपेक्षां सावकाश चालते, हेंही मोठ्या हिशेबांत विसरून चालत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, एवढें सगळें असेल तर मुलांस हें हत्यार शिकवूंच नये. मी उलट म्हणतों. शिकवावें, आणि अंगभूत वस्तूची नक्कल करावयास लावूनच शिकवावें. वर्षभर यादी वापरणाऱ्या मुलास ती काय आहे हें जितकें कळत नाहीं, तितकें ती एकदां स्वतः उभी करून पाहिल्यानें कळतें. मात्र हा अभ्यास वहींतला समजावा. दुसऱ्यांच्या मुलांचे गुण त्यांत घालूं नयेत. साधी वस्तु घ्यावी, तिच्यापुढें प्रॉक्सी ठेवावा आणि तिला यादीप्रमाणें वागावयास लावावें. ४४ वर लिहिल्यास लांबी ४५ झाली पाहिजे. ‘४४’ व ‘०४४’ हे दोन निराळे कप्पे मानले पाहिजेत आणि दुसऱ्यानें लांबी वाढतां कामा नये, कारण खरी यादी तसेंच वागते. हें साधलें म्हणजे लांबी कमी करण्याकडे वळावें. तेथें नांवें शेवटून एकेक गळावयाचीं असतात. त्यांतील एखादें नांव जर ‘काढतां न येणारें’ म्हणून आधींच पक्कें केलेलें असेल, तर खरी यादी त्याच्यापाशीं थांबते. त्याच्या मागचीं नांवें तोंवर गेलेलीं असतात, तें नांव राहतें, आणि मागितलेली लांबी काय होती याकडे न पाहतां यादी आपली लांबी त्या नांवाच्या जागेहून एकानें अधिक एवढीच ठेवते. ज्याची नक्कल येथपर्यंत खऱ्या यादीबरहुकूम चालली, अशा विद्यार्थ्याची वही पाहण्यास मला आनंद वाटेल.